आधी हात, मग नाव

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास हा सर्वांत सोशिक तास असतो. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की तो गणिताला दिला जातो. स्नेहसंमेलन जवळ आले की तो तालमीला दिला जातो. चित्रकला मागे पडली म्हणून गणिताचा तास तिला मिळाला, असे मात्र आम्ही आजवर ऐकलेले नाही. वेदी, प्रवचन आणि धर्मशिक्षण हे आम्हां धर्मगुरूंचे क्षेत्र. तेव्हा आम्ही या सोशिक तासाचा कैवार का घ्यावा, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या धर्मग्रामातील काही जाणत्या मंडळींनाही तो पडला होता आणि त्यांनी तो आम्हांला तोंडावर विचारलाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर होय.

गेली चार वर्षे आम्ही मे महिन्याच्या सुटीत चर्चच्या हॉलमध्ये पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी दहा दिवसांचा वर्ग घेत आहोत. सकाळचे दोन तास, खाली अंथरलेली वर्तमानपत्रे आणि पहिल्या वर्षी बत्तीस मुले. धर्मग्रामातील एक निवृत्त चित्रकलाशिक्षक हे या वर्गाचे खरे गुरू. मदतीला कॉन्व्हेंटच्या एक सिस्टर आणि पाण्याच्या बादल्या भरण्यास आम्ही.

पहिल्या सकाळी गुरुजींनी काही न सांगता प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि मनाला येईल ते काढण्यास सांगितले. तासाभराने कागद गोळा केले, तेव्हा बहुतेक सर्वांवर एकच चित्र होते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, वळणे घेत येणारी नदी, तिच्या काठी कौलारू झोपडी आणि आकाशात इंग्रजी व्ही अक्षरासारखे चार पक्षी. आमचा गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यातील. हॉलपासून समुद्र चालत पंधरा मिनिटांवर. वाडीत केळी आहेत, माड आहेत, विहिरी आहेत. परंतु त्या बत्तीस कागदांवर समुद्र दोनच ठिकाणी होता आणि केळ एकाही ठिकाणी नव्हती. नाताळचे चित्र काढा म्हटले असते तर बर्फ पडला असता, हेही आम्हांला ठाऊक होते. कारण डिसेंबरात सूचनाफलकावर लागणारी मुलांची भेटकार्डे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

यात मुलांचा काहीच दोष नव्हता. कोणीतरी एकदा डोंगर-सूर्य-झोपडी काढून दाखवली, त्यांनी ती गिरवली आणि शाबासकी मिळवली. ते चित्र नव्हते, पाठांतर होते. गुरुजी एवढेच म्हणाले, "फादर, यांना काढता येतं, पण पाहायला कोणी शिकवलेलं नाही."

हे वाक्य ऐकून आम्हांला सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवला. बुद्धीत जे जे येते ते प्रथम इंद्रियांच्या दारातून आलेले असते, असे संत थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलला अनुसरून प्रतिपादन करतात. विशीतल्या आम्हां विद्यार्थ्यांनी हे तत्त्व परीक्षेपुरते घोकले होते. पाच वर्षांच्या मुलांना मात्र ते जन्मतःच ठाऊक असते. ती वस्तू हातात घेतात, चाटून पाहतात, आपटतात आणि मग तिचे नाव विचारतात. आपण मोठी माणसे हा क्रम उलटा करतो. आधी नाव सांगतो, व्याख्या लिहून देतो, आणि हात लावू नकोस म्हणून बजावतो.

हा क्रम पुन्हा सुलटा करण्याचे कार्य ज्या थोरांनी केले, त्यांत मारिया माँटेसरी यांचे नाव अग्रभागी आहे. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. खरखरीत व गुळगुळीत पट्ट्या, रंगांच्या चकत्या, लहानमोठे ठोकळे अशा साधनांतून त्यांनी मुलांच्या इंद्रियांना आधी शिक्षण दिले. १९३९ साली त्या भारतातही आल्या. त्यांची साधने मात्र महाग होती. आपल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा त्यांनी व अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशा भोवतालच्या वस्तूंतून साधने उभी केली. पुढे हे कार्य डहाणूजवळच्या कोसबाडला बहरले. वसईहून ते ठिकाण फार दूर नाही. गुरुजींनी आमच्या वर्गाची आखणी याच धर्तीवर केली.

चित्राची मूलतत्त्वे साधारणतः सात मानली जातात : रेषा, आकार, रंग, छटा, पोत, घनाकार आणि अवकाश. ही सात नावे फळ्यावर लिहून पाठ करून घेता आली असती. अर्ध्या तासात काम झाले असते. गुरुजींनी फळा भिंतीकडे वळवून ठेवला. आधी हात, मग नाव, हा त्यांचा नियम होता.

रेषेच्या दिवशी कोणी कागदावर काही काढले नाही. अंगणात चुन्याने सरळ, नागमोडी, तुटक आणि काटकोनात वळणाऱ्या रेषा आखल्या होत्या, आणि मुले त्यांवरून अनवाणी चालली. सरळ रेषेवर पाय भराभर पडतात, नागमोडीवर अंग डोलते, तुटक रेषेवर उडी मारावी लागते. नंतर सुतळी रंगात बुडवून ती कागदाच्या घडीत ठेवून ओढली. शेवटी केळीचे पान उन्हासमोर धरले, तेव्हा मधल्या दांड्यापासून कडेकडे जाणाऱ्या शेकडो समांतर रेषा मुलांना दिसल्या. घराशेजारी केळी असलेली मुलेही ते पान जणू प्रथमच पाहत होती. त्यानंतर गुरुजींनी रेषा हा शब्द उच्चारला. खोडरबर मात्र दहाही दिवस कपाटात कुलूपबंद राहिले. चुकलेली रेषा खोडायची नाही, तिला पुढे कुठेतरी न्यायचे, अशी शिस्त होती.

आकाराच्या दिवशी गुरुजींनी आपल्या शेजाऱ्यांची कला समोर ठेवली. डहाणू-तलासरीकडील वारली स्त्रिया लग्नघरी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्या सामग्रीत त्या सारी सृष्टी बसवतात. टोकाला टोक जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. ते किंचित कलले की माणूस नाचू लागतो. ही भिंतीवरची कला कागदावर आणून जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. आमच्या मुलांनी रंगीत कागदाचे त्रिकोण कापून ते जुळवून पाहिले. पाव तासात हॉलच्या फरशीवर कोळी जाळे ओढू लागले, आज्या विहिरीवर पाणी भरू लागल्या. पाडे आमच्या जिल्ह्यातच असूनही जे भिंतीपलीकडचे होते, त्यांच्याकडून काही शिकता येते, एवढा बोध त्या दिवशी बोलून न दाखवताही झाला असावा.

रंगांसाठी तीन वाट्या होत्या : लाल, पिवळा आणि निळा. चौथा रंग कोणीही द्यायचा नाही, तो ज्याचा त्याने करायचा. येथे एक व्यावहारिक गोष्ट पालकांसाठी नमूद करतो. लाल रंग शेंदरी घेतला तर निळ्याशी मिसळून मळकट तपकिरी होतो; किरमिजी घेतला तर जांभळा स्वच्छ उतरतो. पोपटी हवा असल्यास पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घालावा. निळ्यात पिवळा घालू लागलो तर वाटी रिकामी होते आणि पोपटी येतच नाही. गुरुजींनी हळदीच्या पाण्यात खायचा चुना कालवून ते लाल करून दाखवले. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून त्या पाण्याचे दोन भाग केले. एकात लिंबू पिळले तसे ते लालभडक झाले, दुसऱ्यात खाण्याचा सोडा टाकला तसे हिरवट. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी धर्मशिक्षणाचाही एक धडा आपोआप झाला. आम्ही मिस्साची वस्त्रे कपाटातून बाहेर काढून टेबलावर मांडली. आगमनकाळाचा व प्रायश्चित्तकाळाचा जांभळा, नाताळ व ईस्टरचा पांढरा, झावळ्यांचा रविवार आणि पेन्टेकॉस्टचा लाल, सामान्य काळाचा हिरवा. मुलांनी त्या तीन वाट्यांतून आणि कोऱ्या कागदाच्या पांढऱ्यातून चर्चचे अवघे वर्ष करून दाखवले. मग एका मुलीने विचारले, "फादर, तो गुलाबी झगा वर्षातून दोनदाच का घालता?" आगमनकाळाचा तिसरा रविवार आणि प्रायश्चित्तकाळाचा चौथा रविवार हे वाट पाहण्याच्या मध्यावरचे आनंदाचे रविवार, हे आम्ही तिला सांगू लागलो. तोवर शेजारच्या मुलाने जांभळ्या रंगात पांढरा ओतून पाहिला होता. "उजेड व्हायला लागला म्हणून," तो म्हणाला. एवढे नेमके उत्तर आम्हांला सुचले नसते.

छटेसाठी चुलीतला कोळसा पुरला. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच चौकोन, प्रत्येक आधीच्याहून थोडा गडद. पोताच्या दिवशी मात्र असे काही घडले की, त्यामुळे या वर्गाविषयीचा आमचा विचार पक्का झाला. पोत म्हणजे पृष्ठभागाचा स्पर्श. रीत सोपी आहे. वस्तूवर पातळ कागद ठेवावा आणि मेणखडूचे वेष्टण काढून तो आडवा घासावा. वस्तूचे खडबडीतपण कागदावर उमटते. मुलांनी माडाचे खोड, टोपली, विटा, नाणी यांचे ठसे घेतले. दुसऱ्या दिवशी घरून एकेक ठसा आणावयाचा होता.

सात वर्षांच्या एका मुलीने मोठ्या कागदावर करड्या खडूचा एक ठसा आणला. प्रथमदर्शनी तो नुसता डाग वाटला. कडेला टाकीच्या घावांचे बारीक ठिपके होते आणि मधोमध एक लांबट भाग जवळजवळ कोराच राहिला होता. खडू तेथे नीट लागला नसावा असे समजून सिस्टर तिला पुन्हा घासण्यास सांगणार, तोच ती म्हणाली, "तिथे दगड गुळगुळीतच आहे. सगळ्यांचे पाय तिथेच पडतात ना!" तो तिच्या आजोळच्या ओटीच्या पायरीचा दगड होता. ते घर पाडून तेथे इमारत उभी राहणार हे गावात सर्वांना ठाऊक होते. भावाभावांच्या वाटण्या झाल्या होत्या, करारावर सह्या झाल्या होत्या. त्यात कोणाचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. अडचणी सर्वांनाच असतात. पावसाळ्यानंतर घर गेले. पायरीचा तो दगड कोणत्या गाडीतून कोठे गेला, कोणी सांगू शकले नाही. नव्या सदनिकेला आशीर्वाद देण्यास आम्ही गेलो, तेव्हा आजीबाईंनी पलंगाजवळच्या क्रूसाखाली तो कागद लावलेला पाहिला. त्या त्याविषयी काही बोलल्या नाहीत. आशीर्वादाच्या पाण्याचे थेंब त्यावर पडू नयेत म्हणून त्यांनी पुढे होऊन हात मात्र धरला.

वाचकहो, या कागदाला परीक्षक किती गुण देतील? आम्ही हा प्रश्न उगाच विचारत नाही. पहिल्या वर्षी वर्गाच्या अखेरीस प्रदर्शन भरवायचे ठरले, तेव्हा पॅरिश कौन्सिलमध्ये बक्षिसांचा विषय निघाला. एका दानशूर गृहस्थांनी पहिल्या तीन क्रमांकांना रोख रक्कम आणि एक फिरती ढाल देऊ केली. गुरुजींनी आणि आम्ही नम्रपणे नकार दिला. ते म्हणाले, "फादर, बक्षिसाशिवाय मुलं झटत नाहीत. पुढे जग स्पर्धेचंच आहे. सवय नको का लागायला?" त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. मोठ्या मुलांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना अवश्य बसावे. तेथे कौशल्याची कसोटी योग्यच आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलापुढे ढाल ठेवली की ती ढाल त्याच्या आईला दिसू लागते. मग झोपडीची कौले आई काढते, मावशी रंग भरते आणि मूल शेजारी बसून पाहते. मुख्य म्हणजे, क्रमांक लावायचा तर सर्वांची चित्रे एकाच मापाने मोजावी लागतात, आणि एका मापाने मोजू लागलो की दोन डोंगर आणि मधला सूर्य परत येतो.

प्रदर्शन बिनक्रमांकाचे झाले. ढाल परत गेली. ते गृहस्थ अजूनही भेटल्यावर आदराने नमस्कार करतात, पण थांबत नाहीत. एका मातेने विचारले, "फादर, सर्टिफिकेट नाही तर फाइलला काय लावू?" दुसऱ्या वर्षी बत्तिसांची एकवीस मुले झाली. सुटीत प्रमाणपत्र देणारे इतर वर्ग पुष्कळ आहेत. पालक तिकडे वळले. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. या मार्गाची किंमत मोजावी लागते, एवढेच सांगावयाचे आहे.

घनाकारासाठी कुंभाराकडून माती आणली होती. मातीचा गोळा हातात घेतला की सर्वात दंगेखोर मूलही शांत होते, हा चार वर्षांचा अनुभव आहे. यिर्मया संदेष्ट्याला परमेश्वराने कुंभाराच्या घरी पाठवले ते अठराव्या अध्यायात आपण वाचतो. बिघडलेले मडके फेकून न देता त्याच मातीचे दुसरे घडवणारा कुंभार त्याने तेथे पाहिला. मुलांना आम्ही ही कथा गोळा मोडल्यानंतर सांगितली, आधी नाही.

शेवटचे दोन दिवस अवकाशाचे. बुटांचे रिकामे खोके आडवे ठेवून त्यात ख्रिस्तजन्माचा गोठा करायचा होता. जवळचे मोठे, लांबचे लहान, पुढचे मागच्याला थोडे झाकते आणि मधे रिकामी जागा ठेवावी लागते, हे मुले खोक्यात हात घालून शिकली. आदल्या आठ दिवसांचे सर्व काही या खोक्यात आले : रेषा, आकार, वाटीत केलेले रंग, मातीची माणसे. गुरुजींची अट एकच होती. गोठ्यात तेच ठेवायचे जे स्वतः पाहिले आहे, हाताळले आहे. बर्फासाठी कापूस मागणाऱ्या मुलाला त्यांनी विचारले, "तू बर्फाला हात लावलायस?" "हो, मासळीवरच्या," तो म्हणाला. मग त्याच्या गोठ्यात मासळीची टोपली आली आणि तिच्यात कापसाचा बर्फ आला. मेंढपाळांशेजारी कोळीण उभी राहिली. एकीची मरिया लाल लुगड्यात होती, तिच्या पणजीसारखी.

कोणी याला बालिश म्हणेल. परंतु मूळ गोठा याच वृत्तीतून निर्माण झाला. १२२३ साली असिसीकर संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तेव्हा तेथे खरेखुरे गवत होते, जिवंत बैल आणि गाढव होते. बेथलेहेमचे दारिद्र्य गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसावे, हाताने जाणवावे, अशी त्यांची तळमळ होती. आणि गोव्यात १९०२ साली जन्मलेले, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांच्या सहवासात घडलेले आणि पुण्यात राहून चित्रे काढणारे आंजेलो द फोन्सेका यांनी मरियामातेला साडी नेसवली. त्यासाठी त्यांना स्वकीयांचा रोष सोसावा लागला. १९६७ साली ते वारले. त्यांच्या चित्रांची महती आज सर्वत्र मानली जाते. ख्रिस्ताने मनुष्यदेह धारण केला, म्हणजे स्पर्श करता येईल असे रूप घेतले, ही आपली श्रद्धा आहे. ती श्रद्धा परक्या भेटकार्डावरून उतरवून घेता येत नाही. ती आपल्या पायरीवर, आपल्या केळीखाली शोधावी लागते, आणि शोधण्यासाठी पाहणे यावे लागते.

जाणत्या मंडळींच्या प्रश्नाला आमचे उत्तर ते हेच. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर बसालेलाला आपल्या आत्म्याने भरून टाकतो. राज्य करण्यासाठी किंवा भाकीत करण्यासाठी नव्हे, तर सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांचे काम करण्यासाठी. हाताच्या कामाला पवित्र आत्मा लागतो, असे जे पवित्र शास्त्र सांगते ते वाचणाऱ्या धर्मगुरूने रंगाच्या बादल्या भरल्या, तर त्याने आपले क्षेत्र सोडले असे आम्हांला वाटत नाही.

पालकांना दोन विनंत्या करून थांबतो. घरी तीन वाट्या रंग, जुनी वर्तमानपत्रे आणि थोडा पसारा सहन करण्याची तयारी एवढे असले तरी पुष्कळ झाले. आखीव चित्रांची पुस्तके नसली तरी चालतील. आणि मुलाने कागद पुढे धरला की "हे काय काढलंस?" असे विचारू नये; "हे कसं केलंस?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते, दुसऱ्याने बोलू लागते.

यंदाच्या मे महिन्यातही हॉल दहा दिवस मुलांसाठीच राखून ठेवला आहे. माती आणि कोळसा आम्ही आणू. बुटांची रिकामी खोकी तेवढी घरोघरी जपून ठेवावीत.